‘आविष्कार’ : जिल्ह्यापासून राज्यापर्यंत

विद्यापीठांची ‘आविष्कार’ ही संशोधन स्पर्धा कुलपती कार्यालयाच्या पुढाकाराने २००६मध्ये सुरू झाली. पदवीच्या पोरापोरींपासून पीएच.डी.च्या संशोधकांपर्यंत सगळे आणि खुद्द प्राध्यापकही तीत उतरतात. गट अर्थातच वेगळे.

खानदेशची वाट कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठातून जाते. १५ ऑगस्ट १९९० रोजी स्थापन झालेल्या या विद्यापीठाला २०१८मध्ये बहिणाबाईंचे, म्हणजे शाळेची पायरीही न चढलेल्या बाईचे नाव मिळाले. जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे त्याचे जिल्हे. आधी जिल्ह्याची फेरी, मग विद्यापीठाची, शेवटी राज्याची. पोस्टर किंवा मॉडेल मांडायचे. निवड झाली तर मंचावर बोलायचे.

विषयांचे गट सहा. त्यांत शेती आणि पशुसंवर्धनाचा गट स्वतंत्र आहे, हे आपल्या पथ्यावरच पडते. जळगावच्या केळीला २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पण घड कापल्यावर उरलेल्या खोडाचे करायचे काय? त्यापासून धागा निघतो, खत होते. मात्र वाहतूक, मजुरी धरून ते शेतकऱ्याला परवडते का, हा हिशेब मांडणारा प्रकल्प कुठल्याही चकचकीत ‘ॲप’पेक्षा मोलाचा.

मानव्यविद्येच्या विद्यार्थ्यांनी धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ गाठावे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६च्या अखेरीस धुळ्यात वारले. पुढच्याच वर्षी मंडळ उभे राहिले. तिथली जुनी कागदपत्रे वाचायची तर आधी मोडी लिपी शिकून घ्या.