हळू ऐकू येत नाही, मोठे सोसवत नाही
संगणकात घडविलेल्या कानाने उलगडलेले एक घरगुती कोडे

वयस्कर माणसांच्या घरात एक प्रसंग वारंवार घडतो. नात हळू बोलली की आजोबांना ऐकू जात नाही; तीच जरा मोठ्याने बोलली की, ‘ओरडतेस कशाला? बहिरा नाही मी!’ असे उत्तर मिळते. घरच्यांना हा हेकटपणा वाटतो. ‘यांना हवे तेवढेच ऐकू येते,’ असेही कोणी बोलून जाते. वस्तुतः या दोन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे आणि ते कानाच्या आत आहे. ते समजून घेण्यास संशोधकांना संगणकाची मोठी मदत झाली.

शंखातील पट्टी

ध्वनी कानाच्या पडद्यावर आदळतो आणि हातोडी, ऐरण व रिकीब या तीन चिमुकल्या हाडांमार्फत अंतर्कर्णात पोहोचतो. तेथे द्रवाने भरलेली, शंखासारखी सुमारे अडीच वेढ्यांची नळी असते. तिला कॉक्लिया म्हणतात. उलगडली तर तिची लांबी जेमतेम ३५ मिलिमीटर भरेल. तिच्या लांबीभर एक लवचीक पट्टी पसरलेली असते. सुरुवातीला अरुंद व ताठ, पुढे रुंद व सैल होत जाणारी. त्यामुळे हार्मोनियमप्रमाणे प्रत्येक सुराची जागा ठरलेली असते. उंच सुरांनी पट्टीचा आरंभ थरथरतो, तर खर्जातील सुरांनी शेवट. पट्टीवर सूक्ष्म रोम असलेल्या केशपेशी असतात. आतल्या ओळीतील सुमारे साडेतीन हजार पेशी मेंदूला संदेश धाडतात. बाहेरच्या ओळींतील सुमारे बारा हजार पेशींचे काम मात्र दीर्घकाळ कोडेच होते.

पट्टीवरून धावणारी ही लाट जॉर्ज फॉन बेकेशी यांनी प्रत्यक्ष पाहिली. त्यासाठी त्यांना १९६१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु त्यांनी पाहिलेले कान मृत व्यक्तींचे होते आणि लाट दिसावी म्हणून प्रचंड मोठा आवाज वापरावा लागला होता. जिवंत कॉक्लिया अतिशय कठीण हाडात दडलेली असते. ती उघडू जावे तर तिचे कार्यच बिघडते. म्हणून गणिताचा मार्ग धरावा लागला.

संगणकातील कान

संशोधकांनी त्या पट्टीचे शेकडो बारीक तुकडे कल्पिले. प्रत्येक तुकड्याचे वजन किती, ताठपणा किती, भोवतीचा द्रव त्याला कसा ढकलतो, हे समीकरणांत मांडले आणि ती समीकरणे संगणकाकडून सोडवून घेतली. २००३ मध्ये एडवर्ड गिवेलबर्ग व ज्युलियन बन यांनी संपूर्ण कॉक्लियाची त्रिमितीय संगणकीय प्रतिकृती प्रसिद्ध केली. एवढ्याशा अवयवासाठी अत्यंत शक्तिशाली संगणक लागले!

पट्टी केवळ निर्जीवपणे हलते असे मानले, तर अशा प्रतिकृतीत लाट पसरट व दुबळी येते. तेवढ्यावर कुजबुज ऐकू येणे शक्य नाही. १९७८ मध्ये लंडनच्या डेव्हिड केम्प यांनी कान स्वतःही अतिशय क्षीण ध्वनी बाहेर टाकतो, हे दाखवून दिले. म्हणजे आत कोणीतरी ऊर्जा पुरवीत होते. १९८५ मध्ये विल्यम ब्राउनेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी बाहेरच्या केशपेशी विद्युत संदेशानुसार आखडतात व लांबतात, हे प्रसिद्ध केले. पुढच्याच वर्षी स्टीफन नीली व डी. ओ. किम यांनी आपल्या गणिती प्रतिकृतीत ऊर्जा पुरविणारे घटक घातले आणि लाटेचा माथा एकदम उंच व टोकदार झाला.

आजोबांचे म्हणणे खरेच

बाहेरच्या केशपेशी म्हणजे कानातील जिवंत ध्वनिवर्धक होत. हळू आवाज त्या पुष्कळ वाढवितात, मोठा आवाज जवळजवळ तसाच राहू देतात. वयोमानाने वा गोंगाटाने त्या झिजल्या की हळू आवाज हरपतो. मोठा आवाज मात्र पूर्वीइतकाच मोठा भासतो. ‘ऐकू येत नाही’ आणि ‘सोसवत नाही’ यांमधील अंतर अरुंद होते. शिवाय लाटेचा टोकदारपणा गेल्याने शेजारचे सूर एकमेकांत मिसळतात. म्हणूनच लग्नघरातील गलबल्यात बोलणे उमगत नाही. ही झीज बहुधा उंच सुरांच्या टोकापासून सुरू होते. स्वर ऐकू येतात, पण स, श, फ यांसारखी व्यंजने निसटतात आणि ‘सात’चा ‘हात’ होतो. वार्धक्यातील श्रवणदोषात श्रवणतंतूंची झीजही भर घालते.

घरी काय करावे?

ओरडल्याने व्यंजने स्पष्ट होत नाहीत. समोर बसून, चेहऱ्यावर उजेड येईल असे, थोडे सावकाश बोलावे. त्यापूर्वी टीव्ही बंद करावा. वाक्य कळले नाही तर तेच पुन्हा न म्हणता शब्द बदलून सांगावे.

कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी. कधी कधी दोष केवळ साठलेल्या मळाचा असतो. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर मात्र एक दिवसही दवडू नये, त्वरित डॉक्टरांना दाखवावे.

आजची चांगली श्रवणयंत्रे हळू आवाज अधिक व मोठा आवाज कमी वाढवितात. त्यांची जुळवणी करण्याच्या काही पद्धती श्रवणाच्या गणिती प्रतिकृतींवरच आधारलेल्या आहेत. म्हणून दुसऱ्याचे यंत्र वापरू नये. श्रवणतज्ज्ञांनी आपल्या तपासणीच्या आलेखानुसार जुळविलेलेच घ्यावे. सवय होण्यास काही आठवडे लागतात. गलबल्यात त्रास झाला, तर यंत्र कपाटात ठेवून न देता पुन्हा जुळवून आणावे. मानवी कानातील नष्ट झालेल्या केशपेशी पुन्हा उगवत नाहीत; परंतु योग्य यंत्र आणि घरच्यांचा समजूतदारपणा यांच्या आधाराने आजोबांना संभाषणात पुन्हा भाग घेता येतो.