रत्नागिरीच्या खाड्यांतील तिसऱ्या : वर्गीकरण व प्रसार

द्विपुट मृदुकाय प्राण्यांचा प्रसार कोणता घटक मर्यादित करतो, या प्रश्नाचे उत्तर प्रदेशपरत्वे बदलते. उत्तर अटलांटिकमधील प्लॅकोपेक्टेन मॅगेलॅनिकस ही पेक्टिनिडी कुलातील स्कॅलॉपची जाती न्यूफाउंडलंडजवळ उथळ पाण्यातही आढळते. दक्षिणेकडे मात्र ती खोल, थंड पाण्यातच टिकते. तेथे सीमा आखते ती तापमान. कोकण किनाऱ्यावरील खाड्यांत हे कार्य मुख्यतः पाण्याची क्षारता व तळाचे स्वरूप यांजकडे असते.

रत्नागिरीजवळ काजळी नदी भाट्ये येथे समुद्रास मिळते. उत्तरेस काळबादेवीची खाडी आहे. वार्षिक ३,००० मिलिमीटरांहून अधिक पावसाचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या काळात पडतो आणि खाडीचे पाणी झपाट्याने निवळखारे होते. स्कॅलॉप शिंपा आपटून पोहू शकतो. तिसरी वाळूत रुतून राहते. तिला पळ काढता येत नाही. शिंपा घट्ट मिटणे हाच तिचा बचाव. परंतु त्या अवस्थेत अन्नग्रहण थांबते व श्वसन मंदावते. हा ताण किती काळ सोसता येतो, यावर जातीचे खाडीतील स्थान ठरते. मेरेट्रिक्स कास्टा क्षारतेतील मोठे चढउतार सहन करते. पाफिया मलबारिका अधिक खाऱ्या पाण्यात, मुखाच्या बाजूस, वाढते.

लोकव्यवहारातील ‘तिसऱ्या’ ही एक जाती नव्हे. व्हेनेरिडी कुलातील मेरेट्रिक्स, पाफिया व कॅटेलिसिया (आजच्या वर्गीकरणानुसार मार्सिया) हे वंश त्या नावाखाली एकत्र येतात. त्यांची ओळख पटविण्यास शिंपांची बिजागरी विशेष उपयुक्त होय. तिन्हींत मुख्य दात असतात. मेरेट्रिक्समध्ये त्यांखेरीज पुढील बाजूस पार्श्वदंत असतो, इतर दोहोंत तो नसतो. पाफियाच्या पृष्ठावर समकेंद्री खाचा स्पष्ट दिसतात. मेरेट्रिक्स व कॅटेलिसिया मात्र गुळगुळीत. म्हणजे वरकरणी मेरेट्रिक्ससारखी भासणारी कॅटेलिसिया बिजागरीच्या साक्षीने पाफियाला अधिक जवळची ठरते.

या भेदाचे महत्त्व केवळ संग्रहालयापुरते नाही. केरळातील अष्टमुडी सरोवरात पाफिया मलबारिकाच्या मासेमारीस किमान आकाराची अट व डिसेंबर ते फेब्रुवारी अशी बंदी लागू झाली, आणि २०१४ साली त्या मासेमारीस शाश्वततेचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले. तो नियम एका जातीच्या प्रजननकालावर आधारलेला होता. रत्नागिरीत ‘तिसऱ्या’ या नावाने तोच नियम लावल्यास एका जातीला संरक्षण मिळेल, तर दुसरी ऐन प्रजननकाळात वेचली जाईल. ओहोटीच्या वेळी तिसऱ्या वेचून संसारास हातभार लावणाऱ्या स्त्रियांचे उत्पन्नही अकारण बुडेल. म्हणून खाडीवार आणि जातीवार नोंद ही कोणत्याही नियमनाची पहिली पायरी होय. १९५८ साली स्थापन झालेले सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र रत्नागिरीतच असल्याने हे कार्य येथे सुसाध्य आहे.