परसबागेतले सोबती (भाग ९) : बिनजाळ्याचे शिकारी

कोळी म्हटला की जाळं आठवतं आणि जाळं म्हटलं की कुंचा. ढालकिड्याचं सगळ्यांना कौतुक, कारण तो दिसायलाच गोंडस. कोळ्याला ते भाग्य नाही. शिवाय बागेत राबणारे पुष्कळसे कोळी शिकारीसाठी जाळं विणतच नाहीत, म्हणून ते नजरेतही येत नाहीत.

सकाळी भेंडीचं किंवा वांग्याचं पान हळूच उलटा. समोर दोन टपोरे डोळे असलेला, नखाएवढा केसाळ गडी वळून तुमच्याकडेच बघू लागला, तर तो उड्या मारणारा कोळी. तुडतुडा दिसला की हा मांजरासारखा दबकत जातो, रेशमाचा धागा पानाला चिकटवतो आणि झेप घेतो. नेम चुकलाच तर धाग्याला लोंबकळून परत वर येतो. याच कुळातल्या, ठाणे-कल्याण परिसरात सापडलेल्या एका नव्या जातीला २०२१ साली शास्त्रज्ञांनी ‘आयसियस तुकारामी’ हे नाव दिलं. २६/११च्या हल्ल्यात कसाबला धरून ठेवताना हुतात्मा झालेल्या तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ. इतकं चपखल नाव क्वचितच एखाद्या जिवाला मिळालं असेल.

झाडाच्या शेंड्यावर पायांना काटे असलेला दुसरा एक कोळी लहान अळ्या आणि पतंग टिपतो. फुलात खेकड्यासारखे पाय पसरून तिसरा बसलेला असतो. हा मात्र मधमाशीलाही सोडत नाही, हे मान्य करायला हवं. जमिनीवर रात्रपाळी लांडगा कोळ्याची. डोळ्यांजवळ विजेरी धरून वाफ्यावर प्रकाश टाका, त्याचे डोळे चमकतील. याची मादी अंड्यांची पिशवी मागे बांधून हिंडते आणि पिल्लं निघाली की ती पाठीवर घेते.

या रात्रपाळीवाल्याला हवा असतो पालापाचोळा. अमेरिकेत टेनेसीमध्ये सुसान रिचर्ट आणि लेस्ली बिशप यांनी मिश्र भाजीपाल्याच्या वाफ्यांत आच्छादन पसरून, जोडीला फुलझाडं लावून पाहिलं. कोळी वाढले आणि किडींनी केलेलं नुकसान घटलं. श्रेय आच्छादनाचं की कोळ्यांचं, हे ताडण्यासाठी त्यांनी काही वाफ्यांतले कोळी काढून टाकले, तर तिथला फायदा गेला. १९९० साली प्रसिद्ध झालेला हा प्रयोग बागवाल्यांनी तरी लक्षात ठेवावा.

फवारणीचं उलटं. इंडोनेशियात भातावर कीटकनाशकं मारत गेले तसे तपकिरी तुडतुडे वाढतच गेले. तुडतुड्यांची अंडी रोपाच्या आत सुरक्षित राहायची, बाहेरचे कोळी मात्र मरायचे. अखेर १९८६ मध्ये सरकारने भातासाठी ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली. आपल्या चार कुंड्यांतही गणित तेच असतं.

कोळ्याकडून सगळ्याच अपेक्षा ठेवू नका. मेणचट पिठ्या ढेकूण आणि एका जागी चिकटलेली खवले कीड यांच्यावर त्याचा फारसा इलाज नाही. उन्हाळ्यात गुलाबाच्या पानाखाली बारीक जाळी आणि लालसर ठिपके दिसले, तर ती रस शोषणारी लाल कोळी ही कीड. तिला पाण्याचा जोरदार फवारा द्या, आणि तिच्यापायी खऱ्या कोळ्यांवर राग काढू नका.

राहिली भीती. पावसाळ्यात अंगावर रांगेने फोड आले की ‘कोळी फिरला’ म्हणतात. बऱ्याचदा ते काम दिव्याभोवती येणाऱ्या, अंगावर चिरडल्या गेलेल्या एका छोट्या भुंगेऱ्याचं असतं. त्याच्या अंगातल्या रसाने कातडी भाजते. बागेतले बहुतेक कोळी माणसाला चावायच्या भानगडीत पडत नाहीत. तरी दगड-विटा उचलताना हातमोजे घाला, तिथे विंचूही असू शकतो.

दिवाळीच्या साफसफाईत घरातली जाळी खुशाल झाडा. बागेतली राहू द्या, आणि वाळलेली पानं जाळण्याऐवजी वाफ्यावर पसरा.