मिठाचा प्रयोग: वाटणी माणसांची नव्हे, गावांची!

मीठ आणि रक्तदाबाचा प्रयोग आखताना खरी अडचण स्वयंपाकघरात येते. एकाच घरात आजोबांना वेगळं मीठ आणि आजींना नेहमीचं, हे चालणार कसं? भाजी तर एकाच कढईत होते! चीनच्या ग्रामीण भागातल्या, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने यावर झकास तोड काढली. चिठ्ठ्या टाकल्या त्या गावांच्या. ६०० गावं, सुमारे २१ हजार माणसं; बहुतेकांना आधी पक्षाघात होऊन गेलेला, बाकीचे साठीपुढचे रक्तदाबवाले. निम्म्या गावांना फुकट मीठ दिलं: ७५ टक्के सोडियम क्लोराइड, २५ टक्के पोटॅशियम क्लोराइड. उरलेल्यांत नेहमीचंच.

आता, "मीठ किती खाता?" याच्या उत्तरावर कोण विसंबणार? म्हणून काही जणांची चोवीस तासांची लघवी जमवून सोडियम मोजलं. (किचकट काम, पण खाल्लेलं बहुतेक सोडियम तिथेच उतरतं.)

वरचा रक्तदाब सरासरी तीनेक अंकांनीच उतरला. तरी जवळपास पाच वर्षांत पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी निघालं! मात्र गंभीर मूत्रपिंडविकार असलेल्यांना अभ्यासात घेतलंच नव्हतं. अशांनी हे मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरात आणू नये.