आवर घालणाऱ्या चेतापेशी आणि टूरेट सिंड्रोम

टूरेट सिंड्रोम हा मेंदूच्या जडणघडणीशी निगडित विकार असून त्यात शरीराच्या अनेक हालचाली आणि निदान एखादा आवाज, मुलाचा तसा हेतू नसताना, अचानक आणि पुन्हा पुन्हा घडत राहतो. अशा प्रत्येक हालचालीला किंवा आवाजाला वैद्यकात ‘टिक’ म्हणतात. डोळे मिचकावणे, मान झटकणे, खांदा उडवणे, घसा खाकरणे, नाकाने सूं सूं करणे ही तिची नेहमीची रूपे होत, आणि म्हणूनच अनेक मुले आधी डोळ्यांच्या किंवा ॲलर्जीच्या डॉक्टरांकडे नेली जातात. लक्षणे वयाच्या 18 वर्षांआधी सुरू झालेली असावीत आणि ती वर्षाहून अधिक काळ टिकलेली असावीत, असा निदानाचा निकष आहे. प्रत्यक्षात ती बहुधा 5 ते 7 या वयात दिसू लागतात, दहा-बाराव्या वर्षी सर्वांत तीव्र होतात आणि पुढे बहुतेकांमध्ये ओसरत जातात. तोंडून अनावरपणे अपशब्द निघणे ही या विकाराची लोकांच्या मनातील प्रतिमा असली, तरी ते लक्षण सुमारे 10 ते 15 टक्के रुग्णांमध्येच आढळते. मुंबईच्या शाळेत शिकवणाऱ्या शिक्षिकेची कथा सांगणाऱ्या ‘हिचकी’ (2018) या हिंदी चित्रपटाने नायिकेच्या टिक्स या लक्षणाविना दाखवल्या, ही त्याची मोलाची बाजू म्हटली पाहिजे.

टिक ही झटक्यासारखी पूर्णपणे अनैच्छिक नसते आणि हात उचलण्याइतकी ऐच्छिकही नसते, या एका गोष्टीने मुलांवर फार अन्याय झाला आहे. टिकपूर्वी त्या अवयवात ताण, खाज किंवा काहीतरी अपुरे राहिल्याची अस्वस्थता दाटून येते, टिक घडली की ती क्षणभर निवते आणि पुन्हा साचू लागते. ही ऊर्मी मूल काही काळ दाबून धरू शकते. परंतु त्यासाठी अवधान खर्ची पडते, आणि शाळेत दिवसभर स्वतःला आवरलेले मूल घरी येताच टिक्सनी बेजार होऊ शकते. ‘मनात आणले तर थांबवता येते’ हा त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे, कारण थोडा वेळ दाबता येणे म्हणजे ऊर्मीवर सत्ता असणे नव्हे.

पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातील जॉर्ज जिल द ला टूरेट यांनी 1885 मध्ये नऊ रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्यांचे गुरू शार्को यांनी या विकाराला शिष्याचे नाव दिले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मात्र मनोविश्लेषणाच्या प्रभावामुळे टिक म्हणजे दडपलेल्या मानसिक संघर्षाचे प्रकटीकरण, असे मानले जाऊ लागले. हा समज ढासळला तो 1960 च्या दशकात, जेव्हा डोपामिन या रासायनिक संदेशवाहकाचे काम रोखणाऱ्या हॅलोपेरिडॉल या औषधाने टिक्स कमी होतात असे दिसून आले आणि न्यूयॉर्कच्या आर्थर व इलेन शपिरो या दांपत्याने हा मेंदूचा विकार असल्याचे आग्रहाने मांडले.

मेंदूच्या तळाशी खोलवर चेतापेशींचे काही पुंजके असतात, त्यांना एकत्रितपणे बेसल गँग्लिया म्हणतात. मेंदूच्या बाह्यपटलातून, म्हणजे कॉर्टेक्समधून, निघालेले संदेश या पुंजक्यांतील स्ट्रायटम या प्रवेशद्वारात येतात, तेथून पुढे थॅलॅमस या केंद्राकडे जातात आणि पुन्हा कॉर्टेक्सकडे परततात. अनेक संभाव्य हालचालींपैकी नेमकी एक मोकळी करणे आणि बाकीच्या रोखून धरणे, हे या वर्तुळाकार मार्गाचे एक प्रमुख काम मानले जाते. स्ट्रायटममधील बहुसंख्य पेशींना वेळीच आवर घालण्याचे काम तेथल्याच मूठभर मध्यस्थ चेतापेशी करतात. येल विद्यापीठातील फ्लोरा वाकारिनो यांच्या गटाने तीव्र टूरेट असलेल्या व्यक्तींच्या मृत्यूनंतर त्यांच्या मेंदूंचा अभ्यास केला, तेव्हा या मध्यस्थ पेशींचे दोन प्रकार स्ट्रायटममध्ये जवळपास निम्म्याने कमी असल्याचे 2010 च्या शोधनिबंधात नोंदवले गेले. अभ्यासलेले मेंदू मोजकेच होते, हे येथे ध्यानात ठेवायला हवे. तथापि माकडांवरील प्रयोग त्याच दिशेने बोट दाखवतात: स्ट्रायटमच्या एका छोट्या भागात ‘गाबा’ या आवर घालणाऱ्या रसायनाचा परिणाम औषधाने रोखला, की स्ट्रायटमच्या त्या भागाशी संलग्न अवयवात टिकसारखे झटके सुरू होतात. या मध्यस्थ पेशी गर्भावस्थेतच आपल्या उगमस्थानापासून स्थलांतर करत स्ट्रायटममध्ये पोहोचतात. त्यामुळे विकाराची बीजे पहिली टिक दिसण्याच्या कितीतरी आधी पडलेली असण्याची शक्यता बळावते.

टिकआधीच्या ऊर्मीचा संबंध मात्र शरीराच्या आतल्या संवेदनांची दखल घेणाऱ्या इन्सुला या भागाशी आणि हालचालीची पूर्वतयारी करणाऱ्या कॉर्टेक्सच्या भागाशी जोडला जातो. मेंदूला इजा झाल्यानंतर ज्यांना टिक्स सुरू झाल्या, अशा रुग्णांच्या 2022 मधील एका अभ्यासात इजेच्या जागा वेगवेगळ्या असूनही त्या इन्सुला, स्ट्रायटम, थॅलॅमस आणि लहान मेंदू यांना सामावणाऱ्या एकाच जाळ्याशी जोडलेल्या आढळल्या.

टूरेट क्वचितच एकटा येतो. निम्म्याहून अधिक मुलांमध्ये एडीएचडी, म्हणजे अवधान टिकवण्यातील अडचण आणि अतिचंचलता, तर अनेकांमध्ये मंत्रचळ, अर्थात ओसीडी, आढळतो. कॉर्टेक्सचे निरनिराळे भाग बेसल गँग्लियाशी शेजारशेजारच्या समांतर वर्तुळांनी जोडलेले असल्याने, हालचालीच्या वर्तुळातील बिघाडासोबत अवधानाच्या वा विचारांच्या वर्तुळातही बिघाड असणे स्वाभाविक ठरते. कित्येक मुलांना टिक्सपेक्षा या सोबत्यांचाच जाच अधिक होतो. आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, पण तो एखाद्या जनुकात सापडत नाही. हिस्टामिन तयार करण्याशी निगडित एका जनुकातील दुर्मीळ बदल 2010 मध्ये एका कुटुंबात आढळला, तरी बहुतेक रुग्णांमध्ये अल्प परिणामाच्या असंख्य जनुकीय बदलांचा संचयच कारणीभूत असतो.

मेंदूतील कारण सापडले म्हणजे उपाय केवळ औषधातच, असे नाही. ऊर्मी ओळखून तिच्या क्षणी टिकशी विसंगत हालचाल करण्याचा सराव देणाऱ्या वर्तनोपचाराची चाचणी अमेरिकेत 126 मुलांवर झाली. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांपैकी हा उपचार मिळालेल्या निम्म्याहून अधिक मुलांमध्ये स्पष्ट सुधारणा दिसली, तर केवळ समुपदेशन व माहिती मिळालेल्यांमध्ये हे प्रमाण पाचव्या हिश्श्याहूनही कमी होते. अत्यंत तीव्र आणि इतर उपायांना न जुमानणाऱ्या मोजक्या रुग्णांसाठी 1999 पासून थॅलॅमसमध्ये विद्युत्-अग्रे बसवून त्याला सूक्ष्म विद्युत्‌प्रवाह देण्याचा मार्गही चोखाळला जात आहे. सौम्य टिक्स असलेल्या मुलाला मात्र बहुधा यांपैकी कशाचीच गरज नसते. ताण आणि टिक्सविषयीची सततची टोकणी यांनी त्या वाढतात, म्हणून पालकांना व शिक्षकांना विकाराचे स्वरूप समजावून सांगणे आणि मुलाला वर्गातून पाच मिनिटे बाहेर जाण्याची मुभा देणे, हाच त्याच्या उपचाराचा पहिला भाग असतो.