दत्तक: घर भाड्याचे, अट वयाची

भोसरी-चाकण पट्ट्यातल्या कंत्राटी कामगाराला वाटते, मालकीची सदनिका आणि कायम नोकरी नसेल तर मूल दत्तक मिळणार नाही. २०२२च्या दत्तक नियमावलीत मात्र स्वतःच्या घराची अट नाही, किमान पगाराचा आकडाही नाही. पालक शरीराने, मनाने आणि पैशाने सक्षम हवेत, असे ती म्हणते. खरी कात्री वयाची आहे. दोन वर्षांखालील बाळासाठी पती-पत्नींच्या वयाची बेरीज ८५च्या आत, एकट्या पालकाचे वय ४०पर्यंत. आठ वर्षांवरच्या मुलासाठी हीच मर्यादा ११० आणि ५५. म्हणजे घराचे हप्ते फिटेपर्यंत थांबणारे जोडपे पैशाने पात्र होता होता वयाने बाद होऊ शकते. विवाह किमान दोन वर्षे स्थिर हवा, पालक-मुलात २५ वर्षांचे अंतर हवे. एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक घेता येत नाही.

उत्पन्नाचा आकडाच नसेल तर मुलाच्या सुरक्षिततेचे काय, हा आक्षेप रास्त आहे. पण आकड्याचे काम गृहभेट करते: सामाजिक कार्यकर्ता घरी येऊन मिळकत, आरोग्य, नातेसंबंध पाहतो, आणि दत्तकविधानानंतरही दोन वर्षे पाठपुरावा होतो. पगाराची पावती इतके सांगत नाही.