फराळानंतर थोडी भीती

“दिवाळी आणि भुतेखेते यांचा संबंध काय हो भाऊजी?” असा प्रश्न आमच्या वहिनींनी बेसनाचे लाडू वळता वळता मला विचारला. प्रश्नाला कारणही तसेच होते. सुट्टीत काय वाचावे, काय पाहावे, याची एक यादी मी घरातल्या मंडळींसाठी करीत होतो, आणि तीत एक राक्षस, एक सैतान, समुद्रातून उठून येणारे एक अजस्र जनावर आणि एक अखंड पसरलेले रिकामे घर एवढाच ऐवज होता. लक्ष्मीपूजनाच्या आसपास शोभेल असे त्यात काही दिसेना.

मी त्यांना म्हटले, “वहिनी, नरकचतुर्दशीच्या पहाटे तुम्ही सर्वांना अंगठ्याखाली कारीट फोडायला लावता, तो कोण?” त्या हसल्या. आपला हा सण एका राक्षसाच्या मरणापासून सुरू होतो. गोव्यात तर त्याचे मोठमोठे पुतळे रात्रभर मिरवून पहाटे जाळतात. तेव्हा पणत्यांच्या उजेडात थोडी भीती बाळगणे हे काही धर्मबाह्य नव्हे. प्रश्न एवढाच, की भीती कसली?

बहुतेक भयपट हे दार करकरणे, मांजर अंगावर पडणे आणि वाद्यांचा एकदम कल्लोळ होणे, यांवर गुजराण करतात. ती भीती नव्हे, तो दचका. दिवे लागले, शेंगदाण्याची पुडी संपली, की दचका संपतो. मी जी चार नावे सांगणार आहे ती वेगळ्या जातीची आहेत. ती पाहून वा वाचून झाल्यावर माणूस आपल्याच घराकडे जरा निराळ्या नजरेने पाहू लागतो. एका पुस्तकाने तर मला घरातली माझी एक मोठी चूक दाखवून दिली. त्याचे पुढे येईलच.

प्रथम ‘तुंबाड’. राही अनिल बर्वे यांचा हा हिंदी चित्रपट २०१८ साली आला तेव्हा फार थोड्यांनी तो पाहिला. २०२४ साली तो पुन्हा चित्रपटगृहांत लागला, आणि पहिल्या वेळेपेक्षा अधिक गर्दी खेचून गेला. भाषा हिंदी असली तरी यातला पाऊस, वाडा, सोवळे, माजघरातला काळोख सगळे आपले. श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’मुळे मराठी वाचकाला गावाचे नावही परके वाटत नाही.

कथा १९१८ साली सुरू होते आणि १९४७ पाशी येऊन थांबते. वाड्यात एक म्हातारी साखळदंडाने बांधलेली आहे. तिला वेळच्या वेळी जेवू घालावे लागते. नाही तर काय होईल ते विचारू नये. वाड्याच्या पोटात हस्तर नावाचा एक देव आहे. त्याला सोने मिळाले, पण अन्न नाकारले गेले, म्हणून तो जन्माचा भुकेला. विनायक नावाचा कोकणस्थ गृहस्थ कणकेची बाहुली घेऊन त्याच्यापुढे उतरतो, तो बाहुलीवर तुटून पडला की त्याच्या कमरेच्या मोहरा लुटतो, आणि पुण्याला परत येऊन चैन करतो. पैसे संपले की पुन्हा तुंबाडची वाट.

हस्तर भयंकर आहे खरा. पण मला त्याहून भय वाटले ते विनायक आपल्या लंगड्या पोराला विहिरीत दोराने उतरायची तालीम देतो त्या प्रसंगाचे. बाप मुलाला धंदा शिकवतो आहे. किती मायेने, किती चिकाटीने शिकवतो आहे! आणि मुलगा बापाच्या पुढे एक पाऊल टाकतो: एक बाहुली नेली तर एवढ्या मोहरा, मग अधिक बाहुल्या नेल्या तर? हे वाक्य ज्या घरात कधीच निघालेले नाही असे घर मला दाखवावे. पुढचे सांगत नाही. मुले झोपल्यावर पाहा. हा चित्रपट मोठ्यांचाच आहे.

यातल्या म्हातारीचे बीज नारायण धारपांच्या ‘आजी’ या कथेत आहे, आणि धारपांनी ती अमेरिकेतल्या स्टीफन किंगच्या कथेवरून बेतली होती. यावरून नाक मुरडणारे लोक मला भेटतात. मुरडोत बापडे! परक्या देशातले भूत उचलून त्याला धोतर नेसवणे आणि ते खरे वाटायला लावणे, हे येरागबाळ्याचे काम नोहे. धारपांच्या जन्माला २०२५ साली शंभर वर्षे पूर्ण झाली. आमच्या लहानपणी सर्क्युलेटिंग लायब्ररीतून त्यांची पुस्तके आणण्याचे काम माझ्या थोरल्या बंधूंचे, म्हणजे दादांचे. रात्री गॅलरीत आम्हा भावंडांना ते मोठ्याने वाचून दाखवीत, आणि ऐन मोक्याच्या पानावर हात लांब करून दिवा मालवीत. मग जी किंकाळी उठे तिने खालच्या मजल्यावरचे बिऱ्हाड जागे होई. असो.

‘तुंबाड’ आवडला असेल तर त्याच्या पाठोपाठ ‘भ्रमयुगम्’ पाहावा. हा मल्याळी चित्रपट राहुल सदाशिवन यांनी २०२४ साली काढला, आणि तोही संपूर्ण कृष्णधवल. भाषेची अडचण वाटू देऊ नका. संवाद खाली लिहून येतात आणि बोलणेही बेताचेच आहे. सतराव्या शतकातले मलबार. तेवन नावाचा खालच्या मानलेल्या जातीचा एक गायक जीव घेऊन रानातून पळत असतो, आणि एका मोडकळीला आलेल्या प्रचंड घराशी येतो. घरात माणसे दोन: मालक आणि स्वयंपाकी. मालक त्याला आत बोलावतो, त्याचे गाणे ऐकतो, त्याला जेवू घालतो, आपल्या बरोबरीने बसवू पाहतो. गरीब माणसाला याहून काय हवे? मग मालक सोंगट्या काढतो. पणाला लावायला तेवनपाशी काहीच नाही. मालक म्हणतो, आहे की, तुझा काळ आहे!

तेवन हरतो, हे सांगायला नकोच. मामुट्टींनी वयाची सत्तरी ओलांडल्यावर हा मालक रंगवला आहे. ते ओरडत नाहीत, धावत नाहीत, नुसते बसतात आणि हसतात. ज्यांनी आयुष्यात एखाद्या अशा वरिष्ठाच्या हाताखाली नोकरी केली आहे, की जो गोड बोलून तुमची वर्षे घेतो, त्यांना हे हसू ओळखीचे वाटेल. मला वाटले. चित्रपट मध्यंतरानंतर थोडा रेंगाळतो हे कबूल केले पाहिजे; पण शेवटाकडे, मालकाची जागा रिकामी झाली तर तिच्यावर कोण बसेल, हा जो प्रश्न तो टाकतो, त्याने सारे भरून निघते.

आता ते समुद्रातले जनावर. गॉडझिला म्हटले की इमारती तुडवणारी पाल, अशी आपली समजूत. मूळ जपानी चित्रपट १९५४ सालचा. त्याच वर्षी मार्चमध्ये बिकिनी बेटावर अमेरिकेने हायड्रोजन बाँबची चाचणी केली आणि तिची राख एका जपानी मासेमारी बोटीवरच्या खलाशांच्या अंगावर पडली. त्या धसक्यातून तो राक्षस जन्मला. पुढे त्याचा पोरखेळ झाला, ही गोष्ट वेगळी. ताकाशी यामाझाकी यांच्या ‘गॉडझिला मायनस वन’ या २०२३ च्या चित्रपटाने त्याला पुन्हा त्याच्या जागी नेऊन बसवले आहे. २०२४ साली दृश्यकरामतींचे ऑस्कर त्याला मिळाले; आणि त्या साऱ्या करामती अवघ्या पस्तीसएक माणसांच्या चमूने केलेल्या!

परंतु करामतींसाठी तो पाहू नये. शिकिशिमा नावाचा तरुण वैमानिक युद्धाच्या अखेरीस आत्मघाताच्या कामगिरीवर निघतो, आणि विमानात बिघाड झाला असे खोटेच सांगून एका बेटावर उतरतो. जगावेसे वाटले, एवढाच त्याचा गुन्हा. तोकियोला परततो तर शहर जळून गेलेले, आईबाप गेलेले, आणि शेजारीण तोंडावर विचारते, तू जिवंत कसा? या राखेत एक अनोळखी मुलगी आणि तिने सांभाळलेले कुणाचे तरी पोर त्याच्या झोपडीत येऊन राहतात. लग्न नाही, नाते नाही. तिघे मिळून एक घर होते. युद्धाने देश शून्यावर आणलेला, आणि त्या शून्याच्याही खाली ढकलायला तो राक्षस येतो, म्हणून नाव ‘मायनस वन’.

या चित्रपटात एक प्रसंग आहे. राक्षसावर चालून जाण्यासाठी जुने नौसैनिक गोळा झालेले असतात, आणि त्यांचा पुढारी त्यांना सांगतो की आपल्या देशाने माणसाचा जीव फार स्वस्त केला, या वेळी कुणी मरायचे नाही. आम्ही लहानपणापासून बलिदानाचे धडे घोकत आलो. मरायचे नाही, घरी परत यायचे, हेही शौर्य असू शकते, हे ऐकताना माझ्यासारख्या कोरड्या माणसाचाही घसा दाटला. दहाबारा वर्षांच्या पुढच्या मुलांना बरोबर घेऊन बसा. शेवटी त्यांच्यादेखत डोळे पुसावे लागले तर पुसा.

‘ड्यून’चे दोन्ही भाग (२०२१ आणि २०२४) सर्वांनी पाहिले असतीलच, वाळू भव्य आहे, माणसे जरा कमी. घरात पदार्थविज्ञान शिकणारे कोणी असेल तर त्याच्या हाती चिनी लेखक ल्यू त्सिशिन यांची ‘द थ्री-बॉडी प्रॉब्लेम’ द्यावी. २०१५ साली तिला ह्यूगो पारितोषिक मिळाले. अनुवादित कादंबरीला ते मिळण्याची ती पहिलीच वेळ. सांस्कृतिक क्रांतीत एका प्राध्यापकाचा त्याच्या मुलीसमोर जीव घेतला जातो, तिथून ती सुरू होते. मला गणित अर्ध्यावर कळेनासे झाले, तरी पुस्तक खाली ठेववेना.

आणि आता ते रिकामे घर. सुझाना क्लार्क या इंग्रज लेखिकेची ‘पिरानेसी’ ही कादंबरी २०२० साली आली. पहिल्या कादंबरीनंतर दुसरी यायला सोळा वर्षे लागली. मधला बराच काळ त्या आजारी होत्या. अडीचशे पानांच्या आसपासचे पुस्तक, इंग्रजी सोपे. एक माणूस एका अपार घरात राहतो. दालनामागून दालने, प्रत्येकात पुतळे. खालच्या मजल्यांत समुद्राची भरती, वरच्यांत ढग. तो मासे धरतो, शेवाळ वाळवून जाळतो, तिथे सापडलेल्या तेरा मृतांच्या अस्थींची निगा राखतो. आठवड्यातून दोनदा भेटणाऱ्या एका गृहस्थापलीकडे त्याला दुसरे जिवंत माणूस ठाऊक नाही. तो रोज रोजनिशी लिहितो. आणि एके दिवशी जुन्या वह्या चाळताना त्याला आपल्याच अक्षरात अशी पाने सापडतात, की जी आपण लिहिल्याचे त्याला मुळीच आठवत नाही.

हे पान मी वाचले आणि पुस्तक मिटून ठेवले. कारण दादांची स्मृती त्या वेळी जात चालली होती. चाळीस वर्षे त्यांनी घरखर्चाची वही लिहिली होती, आणि ती मांडीवर घेऊन ते मला विचारीत, “हे कुणी लिहिलं रे? अक्षर बरं आहे.” मी दर वेळी त्यांना दुरुस्त करी. दादा, हे तुम्हीच लिहिलंत. दादा, आई जाऊन तीस वर्षे झाली. दादा, हा तुमचा नातू. मला वाटे, मी त्यांना परत आणतो आहे. त्यांचा चेहरा मात्र प्रत्येक वेळी चोरी पकडल्यासारखा होई, आणि ते माझ्या अंगावर ओरडत. मी वहिनींपाशी तक्रार करी, की दादा हट्टी झाले आहेत.

पिरानेसी वेडा नाही. तो दुःखीही नाही. त्याच्या घरात त्याला सर्व काही सुंदर दिसते. भरतीच्या वेळा त्याला तोंडपाठ आहेत. वर्षांना तो आकडे देत नाही, आल्बट्रॉस पक्षी आले ते वर्ष अशी नावे ठेवतो. त्याला त्या घरातून बाहेर ओढू पाहणाऱ्यांपैकी कोण त्याच्या हिताचे, हे त्याला ठरवावे लागते. पुस्तक मी दोन दिवसांनी पुन्हा उघडले आणि पुरे केले. त्यानंतर मी दादांना दुरुस्त करणे सोडून दिले. त्यांच्या दालनांत मीच जाऊ लागलो. आई आज पुरण घालणार आहे का, असे ते विचारीत, आणि मी म्हणे, विचारून येतो. हे खोटे बोलणे होते की नाही, यावर वहिनींचे आणि माझे अजून एकमत नाही. शेवटचे वर्ष मात्र त्यांचे शांततेत गेले.

त्याच वर्षी मी त्यांना धारप वाचून दाखवले. आता वाचणारा मी, ऐकणारे ते. मोक्याचे पान आले तेव्हा त्यांनी पूर्वीसारखाच हात लांब केला, तो दिव्याच्या बटणाकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला. “राहू दे,” ते म्हणाले, “तू भिशील.”

लहान मुलांसाठी यादीत काय, असे विचाराल, तर जयंत नारळीकर. २० मे २०२५ रोजी ते गेले. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ पाठवली ती नारायण विनायक जगताप या टोपणनावाने. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नीकडून लिहून घेतली, आणि पहिले बक्षीस पटकावले. त्यांचे ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ मोठ्याने वाचण्यासारखे आहे. विश्वासरावांना गोळी लागली नसती तर पुढे काय झाले असते, हे मुलांना कथेच्या मध्यावर थांबून विचारावे. आमच्याकडे विचारले, तेव्हा नातवंडांत असे काही रण माजले की कथा पुरी व्हायला तीन बैठका लागल्या.

वहिनींनी माझी यादी वाचली, चष्मा काढला आणि ‘गॉडझिला’पुढे पेन्सिलीने खूण केली. लक्ष्मीपूजन आटोपल्यावर सगळ्यांनी मिळून तो पाहायचा असे ठरले आहे. ‘पिरानेसी’ मात्र त्यांनी कपाटातून स्वतःच काढून नेली; मराठीत सांगायला मी बसू का, म्हणून विचारले, तर म्हणाल्या, “शब्दकोश तेवढा देऊन जा.”